फुटेज द्यायचं, लॉग ठेवायचे. पण कुणाच्या हुकमाने?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं नेहमीपेक्षा वेगळी आहेत. ओटीपी चोरणाऱ्यांबद्दल त्यांत फारसं नाही. सरकार माहिती मागतं, साठवायला लावतं किंवा स्वतः पाहू इच्छितं, तेव्हा आपण काय करायचं, असा बहुतेकांचा सूर आहे. उत्तरांत कलमं मुद्दाम दिली आहेत. पोलिस ठाण्यात ‘कुठंतरी वाचलं होतं’ चालत नाही, कलम चालतं. प्रकरण तुमच्याच नावावर चालू असेल तर मात्र आधी वकील गाठा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत १६ कॅमेरे आहेत. शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली म्हणून एक हवालदार आले आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं दहा दिवसांचं फुटेज पेन ड्राइव्हवर मागू लागले. गेटवरच्या ॲपमधली पाहुण्यांची यादीही हवी म्हणाले. हातात कागद नव्हता. द्यावं का?
(सोसायटीचे सचिव, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: द्यावं. पण कागद घेऊन, आणि मागितलंय त्याहून बरंच कमी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार (सीआरपीसी या आधीच्या कायद्यात हे ९१ होतं) पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी लागणारा दस्तऐवज, वस्तू किंवा डिजिटल पुरावा लेखी हुकमाने मागता येतो. हुकूम इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो, म्हणजे ठाण्याच्या अधिकृत ईमेलवरून आला तरी पुरे. हवालदारांना एवढंच म्हणायचं, “देणारच आहे साहेब, ९४ ची नोटीस तेवढी पाठवा, तोवर फुटेज काढून ठेवतो.” ही अडवणूक नाही. नोटिशीवर गुन्हा रजिस्टर नंबर असला की फुटेज कुठून, कुणी, कशासाठी दिलं याची नोंद राहते, आणि ती तपास अधिकाऱ्यालाही कोर्टात हवीच असते.

‘तोवर काढून ठेवतो’ हे मात्र नुसतं तोंडदेखलं नको. हिशेब करून पाहा. १०८० पी रिझोल्यूशन, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) आणि २ एमबीपीएसचा बिटरेट धरला तर एक कॅमेरा तासाला ०.९ जीबी खातो, दिवसाला २१.६ जीबी. १६ कॅमेऱ्यांचे झाले दिवसाला सुमारे ३४५ जीबी. डीव्हीआरमध्ये, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्रात, ४ टीबीची डिस्क असेल तर ती अकरा दिवसांत भरते आणि सगळ्यात जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणजे दहा दिवसांपूर्वीचं फुटेज हवं असेल तर आजच काढावं लागेल. आणि दहा दिवसांचं सगळं म्हणजे साडेतीन टीबी; ते मावेल असा पेन ड्राइव्ह हवालदारांच्या खिशात नाही. तेव्हा विचारायचं: घरफोडी कधीची, कोणत्या बाजूची? गेट आणि मागची भिंत असे दोन कॅमेरे, रात्री एक ते पाच, एवढं निघालं की काम सव्वासात जीबीत होतं. बाकीच्या दोनशे कुटुंबांची ये-जा कुणाच्या पेन ड्राइव्हवर जात नाही.

आता काढायचं कसं. सर्वांत आधी डीव्हीआरच्या घड्याळाकडे बघा. इंटरनेटला न जोडलेला डीव्हीआर महिन्यागणिक पुढेमागे सरकतो, आणि आतली बटणासारखी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर तारीख थेट भलत्याच वर्षात जाते. मॉनिटरशेजारी मोबाइल धरून दोन्हींच्या वेळा एकाच फोटोत येतील असा फोटो काढा आणि फरक लिहून ठेवा: ‘डीव्हीआर ७ मिनिटं पुढे’. फुटेज निघेपर्यंत घड्याळ दुरुस्त करू नका, नाहीतर फायलींवरची वेळ आणि नोंद यांचा मेळ बसत नाही. सात मिनिटांच्या फरकाने रिक्षावाल्याच्या जागी दूधवाला संशयित ठरू शकतो.

फायली कंपनीच्या मूळ फॉरमॅटमध्ये घ्या, सोबत त्यांचा प्लेअर द्या. पाहायला सोपी म्हणून एमपी४ प्रत वेगळी चालेल. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप पुरावा म्हणून फारच लंगडी पडते: वेळ धूसर, दर्जा घटलेला, मूळ फायलीशी जोडणारा दुवा नाही. मग प्रत्येक फायलीची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फायलीचा डिजिटल ठसा, काढा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीच असते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ६४ अक्षरांचा जो आकडा येतो तो फायलीतला एक बिट बदलला तरी पूर्ण बदलतो. हा आकडा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात लिहायचा असतो. त्याचा ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, म्हणजे सोसायटी. ‘ब’ भाग तज्ज्ञाचा.

पावतीवर तारीख, कॅमेरा क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, डीव्हीआरचा सीरियल नंबर, हॅश, अधिकाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर असू द्या. अख्खा डीव्हीआरच न्यायचा म्हणाले तर जप्तीचा पंचनामा मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ नुसार आता पोलिसांनीच करायचं आहे.

पाहुण्यांच्या यादीलाही हेच लागू. ॲपच्या ॲडमिन खात्यातून ‘सर्व नोंदी’ची एक्सेल एका टिचकीत निघते आणि त्यात मोलकरणींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे फोटो आणि नंबर असतात. तारीख आणि विंग लावून गाळा, मगच द्या. आणि मॅनेजिंग कमिटीत ठराव करून जुन्या नोंदी ३० दिवसांनी पुसायला लावा. जे साठवलंच नाही ते मागताही येत नाही आणि चोरीलाही जात नाही.

जाता जाता: डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच आहे का, आणि राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) ५५४ किंवा ८० बाहेर उघडून ठेवलाय का, हे आज रात्रीच बघा. असे कॅमेरे जगातून कुणीही पाहू शकतो. त्याला नोटीसही लागत नाही. नवे कॅमेरे घेताना एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सुरक्षा निकषांनुसार तपासणी झालेलंच मॉडेल आहे ना, ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: महापे एमआयडीसीत आमची ४० माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग (यंत्रणांतल्या घडामोडींच्या नोंदी) ठेवायचे म्हणतात. नेमके कोणते? एवढं सगळं साठवणं हाच धोका नाही का? शिवाय आमचे लोक घरून व्हीपीएनने (एन्क्रिप्ट केलेल्या खासगी जोडणीने) जोडतात, त्यांची पाच वर्षांची नोंद ठेवायची का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण त्याचं उत्तर सोपं आहे: नाही. सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आयटी कायद्याच्या कलम ७०बी(६) खाली निघाला. त्यातली ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपण्याची अट डेटा सेंटर, क्लाउड आणि जनतेला व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, हे सर्ट-इनच्या प्रश्नोत्तरांतच स्पष्ट केलंय.

१८० दिवसांचे लॉग मात्र तुम्हाला लागू आहेत. फायरवॉल, वेब, डेटाबेस आणि मेल सर्व्हर, एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याची सोय), व्हीपीएनच्या लॉगइन नोंदी, सर्व्हरचे इव्हेंट लॉग. जागेची फार चिंता नको. सेकंदाला १०० नोंदी, प्रत्येकी ३०० बाइट धरल्या तरी दिवसाला २.६ जीबी होतात, १८० दिवसांना साधारण ४६७ जीबी. मजकूर असल्यामुळे दाबून तो सहज दहाव्या हिश्शावर येतो. अडतं ते वेगळ्याच जागी. लिनक्सवर लॉग फिरवण्याची मूळ मांडणी बहुतेक वेळा चार आठवड्यांची असते, आणि विंडोजचा सिक्युरिटी लॉग २० एमबीला भरून जुनं खोडू लागतो. वर्दळीच्या सर्व्हरवर ते काही तासांतही होतं. कुणी बदललं नसेल तर कागदावर १८० दिवस आणि डिस्कवर कालपरवाचंच, अशी गंमत असते. शिवाय लॉग त्याच सर्व्हरवर असतील तर घुसखोर जाताना ते झाडून जातो. वेगळ्या यंत्रावर पाठवा, आणि तिथे मूळ सर्व्हरच्या ॲडमिनला लिहिण्याचा हक्क असावा, पुसण्याचा नसावा.

साठवण हाच धोका, हा तुमचा मुद्दा खराच आहे. सगळ्यात जास्त गळती लॉगमध्ये काय पडतं यातून होते. वेब पत्त्यातच मोबाइल नंबर किंवा ओटीपी जोडणारं ॲप असेल तर तो प्रत्येक विनंतीबरोबर लॉगमध्ये उतरतो. डीबग मोड चालू राहिला तर पासवर्डही. आदेश घटना शोधता याव्यात म्हणून आहे. त्याला ग्राहकाचा आधार क्रमांक लागत नाही. लिहिण्याआधीच झाका: नंबराचे शेवटचे चार आकडे ठेवा, ओटीपी आणि टोकन पूर्ण गाळा.

उलट एक गोष्ट मात्र आठवणीने ठेवा, जी बहुतेक जण ठेवत नाहीत: येणाऱ्या जोडणीचा सोर्स पोर्ट, म्हणजे आयपीसोबत येणारा जोडणीचा क्रमांक. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे एकाच वेळी शेकडो ग्राहक बसवतात. पोलिसांनी त्या कंपनीला फक्त आयपी आणि ‘रात्री नऊच्या सुमारास’ असं विचारलं तर शेकडो नावं येतात. आयपी, पोर्ट आणि सेकंदापर्यंत वेळ असेल तर एक. म्हणूनच घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि फायरवॉल भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि भलत्याच माणसाच्या दारात पोलिस उभे राहतात. गोपनीयतेची हानी माहिती जास्त असल्याने होते तशी ती सदोष असल्यानेही होते.

घटना घडली तर लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. ईमेल इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन, किंवा टोल फ्री १८००-११-४९४९. त्या वेळी जे हाती आहे तेवढं पुरतं: काय, कधी लक्षात आलं, कोणत्या यंत्रणा, तुमचा संपर्क. बाकीचं मागाहून. ग्राहकांची यादी पहिल्या ईमेलला जोडण्याची काही गरज नाही, तरी घाबरून लोक जोडतात. आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, त्यातली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्यात लॉग किमान एक वर्षाचे मागितलेत, आणि गळतीचा तपशील माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत. आत्ताच १८० च्या जागी ३६५ धरून डिस्क घ्या.

प्रश्न: व्हीपीएन वापरणं बेकायदा आहे का?
(विद्यार्थिनी, कोपरी)

उत्तर: नाही. महाराष्ट्रात ते वापरायला सर्वसाधारण बंदी नाही. त्याआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच. २०२२ च्या आदेशानंतर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर हटवले. आता त्यांच्या ॲपमध्ये ‘इंडिया’ निवडलंत तरी यंत्र सहसा परदेशात असतं. व्हीपीएन नसताना तुमचा इंटरनेट पुरवठादार कोणत्या साइटवर गेलात ते पाहू शकतो, त्या साइटवर काय वाचलंत ते बहुधा नाही. आणि परवान्याच्या अटीनुसार अशा नोंदी डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं ठेवतो. व्हीपीएन लावलं की हे सगळं पुरवठादाराऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसतं. फुकट व्हीपीएनच्या बाबतीत हा सौदा आम्हाला तरी तोट्याचा वाटतो.

प्रश्न: मी बंदरातून निवृत्त झालो. माझं काही लपवण्यासारखं नाही. अतिरेकी, घोटाळेबाज व्हॉट्सॲपवर बोलत असतील तर सरकारकडे त्याची एक चावी असायला काय हरकत आहे? चोराला त्रास होईल, सज्जनाला का व्हावा?
(एक ज्येष्ठ वाचक, उरण)

उत्तर: बंदरातलेच आहात, तर २०१७ चा जून आठवत असेल. २७ जूनला न्हावा-शेव्यात मर्स्कच्या समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं. यंत्रणा बंद पडली, कंटेनरचं काम हातावर आलं, ट्रकच्या रांगा लागल्या. तो नॉटपेट्या नावाचा मालवेअर. त्याचा रोख युक्रेनवर होता, पण तो तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरून जगभर पसरला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. अमेरिका आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियन लष्कराचं नाव घेतलं.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. यंत्रामागून यंत्रात उडी मारायला नॉटपेट्या जी फट वापरत होता, तिच्यातून शिरायचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलं होतं. विंडोजमधला दोष त्यांना सापडला, आणि मायक्रोसॉफ्टला न सांगता त्यांनी तो हेरगिरीसाठी जपून ठेवला. ते हत्यार चोरीला गेलं, १४ एप्रिल २०१७ ला इंटरनेटवर उघडं पडलं, मे महिन्यात त्याच हत्यारावर पसरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर मालवेअर आला आणि जूनमध्ये तुमचं बंदर बंद पडलं. दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती, पण सगळ्यांनी ती लावली नव्हती. आणि एका यंत्रातून पासवर्ड उचलून नॉटपेट्या दुरुस्त यंत्रांतही शिरत होता. सरकारची गुप्त चावी म्हणजे प्रत्यक्षात हे असतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत गुप्तचर यंत्रणेलाही ती सांभाळता आली नाही.

हा अपवाद नाही. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी तीच सोय चोरून चालू केली आणि पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे फोन महिनोन् महिने ऐकले. २०२४ मध्ये चिनी हॅकर अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या कायदेशीर टॅपिंग यंत्रणेपर्यंत पोहोचले. त्यानंतर सीसा ही तिथली सायबर सुरक्षा संस्थाच लोकांना एन्क्रिप्टेड संदेश वापरा म्हणून सांगू लागली.

आपल्याकडे सरकारचे हात बांधलेले आहेत असंही नाही. आयटी कायद्याच्या कलम ६९ आणि २००९ च्या नियमांखाली केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव ठरावीक माणसाचे संदेश आणि संगणकीय माहिती पाहण्याचा हुकूम काढू शकतो. तो ६० दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८०. मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा संस्थांना हे अधिकार मिळाले. हुकूम तपासणारी समिती सचिवांचीच असते, तीत न्यायाधीश नाही. आमच्या मते खरी उणीव तिथे आहे, चावीच्या अभावात नाही. गोपनीयतेच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी घालून दिलेली कसोटी अशी: कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हस्तक्षेप हेतूच्या मानाने बेतशीर हवा. सचिवाचा हुकूम सचिवांनीच तपासायचा, ही पद्धत या तिसऱ्या अटीपाशी अडखळते.

२०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना ‘पहिला पाठवणारा कोण’ ते न्यायालयाच्या किंवा कलम ६९ च्या हुकमावर सांगायला लावलंय. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अडचण तांत्रिक आहे: उद्या कोणता संदेश वादात येईल हे आज माहीत नसतं, म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाची खूण ठेवावी लागते. सज्जनाला का त्रास, त्याचं उत्तर हे.

आणि चोर पकडायला संदेशाचा मजकूर प्रत्येक वेळी लागतच नाही. खातं कुठल्या नंबरवर, कधी, कोणत्या आयपीवरून चाललं, हे कंपनीकडून कायदेशीर मागणीवर मिळतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासाभरात फोन केल्याने जेवढं वाचतं तेवढं कुठल्या चावीने वाचणार नाही.

तुमच्या स्वतःच्या फोनवर एक करा. व्हॉट्सॲपचा क्लाउड बॅकअप मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (कंपनीलाही वाचता येणार नाही असा) नसतो, आपण चालू केला तरच होतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, असं जा. पासवर्ड किंवा ६४ आकडी की निवडा आणि वहीत लिहून ठेवा. ती हरवली तर जुने संदेश कंपनीलाही परत देता येत नाहीत.

प्रश्न: १२ ऑक्टोबर २०२० ला आमची वीज चिन्यांनी घालवली, हे खरं का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: तसं सिद्ध झालेलं नाही. त्या सकाळी कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिन्यांवरच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ ला रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीने ‘रेडएको’ नावाच्या चीनशी जोडलेल्या गटाने भारतीय वीजक्षेत्रात घुसखोरी केल्याचं मांडलं. मात्र मुंबईच्या घटनेशी थेट संबंधाला पुष्टी नाही, असंही त्याच अहवालात होतं. लगेच राज्याच्या गृहमंत्र्यांनी राज्य सायबर विभागाच्या अहवालाचा दाखला देत घातपाताची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. तुमच्या घरापासून जवळच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, राज्य भार प्रेषण केंद्र, म्हणजे राज्याच्या वीजजाळ्याचं नियंत्रण केंद्र, आहे. तिथे मालवेअर असणं आणि त्यानेच वीज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कार्यालयीन संगणकावरून ब्रेकर चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत जायला मधली भिंत ओलांडावी लागते.

नागरिकाने माहिती अधिकारात विचारावं म्हटलं तर नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इनला त्या कायद्यातून सूट मिळाली आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद. आमच्याकडून सहा तासांत हिशेब मागणाऱ्या संस्थेने स्वतः प्रश्नांपासून दूर बसावं, हे काही पटत नाही.

प्रश्न: संचार साथी ॲप ठेवू की काढू? मध्ये सक्तीचं झालं होतं ना?
(शिक्षिका, पनवेल)

उत्तर: हे दूरसंचार विभागाचं ॲप. नव्या फोनमध्ये ते आधीच भरून द्यावं असा २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश कंपन्यांना होता. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. तेव्हा काढलंत तरी चालेल. अँड्रॉइडवर ते कॉल, एसएमएस यांची परवानगी मागतं. जवळपास तीच कामं संचार साथीच्या वेबसाइटवर नुसत्या ओटीपीने होतात, आम्ही तीच सुचवू. सेवा मात्र उत्तम आहे.

फोन हरवला तर क्रम चुकवू नका. पोलिस तक्रार, मग डुप्लिकेट सिम, मग वेबसाइटवर ब्लॉकची विनंती. ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून सिमला उशीर नको. तक्रारीची प्रत, खरेदीचं बिल आणि दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) लागतील. ते आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून बघा आणि घरी लिहून ठेवा. फोन गेल्यावर सुचत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ‘माझा नंबर नाही’ निवडा.

प्रश्न: खोली भाड्याने देताना पोलिस नोंदणीसाठी एजंट भाडेकरूच्या आणि माझ्याही आधारची झेरॉक्स मागतो. बायोमेट्रिक लॉक केलंय, तर करार अडेल का?
(घरमालक, कळवा)

उत्तर: भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, ती त्यांच्या ऑनलाइन सेवेवर स्वतः भरता येते, एजंटच्या फायलीत प्रत सोडायची गरज नाही. द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’, तारीख, सही, अक्षरं फोटोवर आणि मजकुरावर यायला हवीत, कोपऱ्यातली कापता येतात. ई-आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असतो, तो एजंटला तुमच्या करारावरूनच कळतो.

लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी अंगठ्यावर होते, त्यामुळे लॉक असेल तर ‘बायोमेट्रिक लॉक्ड’ असा संदेश येऊन काम थांबतं आणि एजंट ‘सर्व्हर डाउन’ म्हणतो. एमआधारमधून तात्पुरतं उघडा, अंगठा द्या. ते काही मिनिटांत आपोआप पुन्हा बंद होतं. रात्री आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा. तिथे मागच्या सहा महिन्यांतला वापर वेळेसकट दिसतो. एका करारासाठी दोनदा अंगठा घेतला आणि यादीत चार नोंदी आल्या, तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर विचारा.

प्रश्न: नाकाबंदीत पोलिसांनी फोन उघडून चॅट दाखवायला सांगितलं तर?
(एक वाचक, वाशी)

उत्तर: लायसन्स, गाडीचे कागद दाखवा, ते डिजिलॉकरमध्ये असतील तर तुम्हीच उघडून समोर धरा, फोन हातात देऊ नका. चॅट चाळण्यासाठी गुन्ह्याचा वाजवी संशय आणि कायदेशीर आधार लागतो. आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा संशय असेल तर सार्वजनिक जागी झडतीचा अधिकार कलम ८० खाली निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे, शिपायाला नाही. शांतपणे नाव, हुद्दा आणि कलम विचारा. जप्त करणार असतील तर पंचनाम्यात आयएमईआय लिहायला लावा, आणि देण्याआधी फोन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा पिनच लागतो, बोट किंवा चेहरा चालत नाही. पिन सांगायला भाग पाडता येतं का, यावर न्यायालयांचे निकाल एका दिशेचे नाहीत, तेव्हा तो प्रश्न तिथे रस्त्यावर न सोडवता वकिलासमोर सोडवा.